वासापुरती फोडणी

सोमवारी सकाळी छकुलीने घरातली लोखंडी कढई घासून कोरडी केली, परसात नेली आणि शेजारच्या गीताबाईंच्या आणि आपल्या घरांमधल्या सामाईक भिंतीवर उपडी घालून ठेवली.

"आता ही इथंच राहीन," ती म्हणाली. "घरात असली तं आईचा हात जाते."

मागच्या दारात बसलेले किसनराव ढोकणे त्या कढईकडे बराच वेळ पाहत राहिले. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी संत्र्याच्या बागेवर जेवढा जीव लावला, तेवढाच या कढईतल्या भाजीवर लावला होता. बाग अजून जोमात होती. त्यांचं काही सांगता येत नव्हतं. छकुली जळगाव जामोदला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती आणि बापाचं रक्त तिने स्वतःच्या हाताने काढून तपासलं होतं. साखर वाढलेली, चरबी त्याहून वाढलेली. संग्रामपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून चष्मा काढला होता आणि तेल, मैदा, साखर बंद करा, घरचं साधं खा, नाहीतर पुढचं हृदयाचं पाहावं लागेल, असं सांगितलं होतं.

"बाबा, मले माह्या लग्नात तुमी मांडवात पाह्यजे," छकुली म्हणाली. "दवाखान्यातून फोटो पाहाले नाही."

रविवारी तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. नांदुऱ्याचा ज्ञानेश्वर हा मुलगा तिला मनापासून आवडला होता. किराणा दुकान चांगलं चालत होतं. वडील पाच वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून दुकान आणि मुलगा दोन्ही आईने सांभाळले होते. आई म्हणजे रुक्मिणीबाई. कमी बोलणाऱ्या, रीतिरिवाजाला फार कडक आणि खोटेपणाचा मनस्वी तिटकारा असलेल्या. किसनराव त्यांच्यासमोर शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावून बसायचे.

तर सोमवारपासून घरात नवा स्वयंपाक सुरू झाला. सकाळी ज्वारीच्या कण्या ताकात, दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, उकडलेला दुधी आणि बिनफोडणीचं वरण, आणि संध्याकाळी पुन्हा तोच दुधी. सगळं घरचं, सगळं स्वच्छ. आशाबाईंनी नवऱ्याच्या ताटात पहिल्यांदा ते वाढलं तेव्हा सवयीने त्यांनी तेलाची बरणीही जवळ ओढली आणि मग परत मागे सारली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ढोकण्यांची फोडणी ही सोनाळ्यातल्या त्या गल्लीची शाळेची घंटाच होती. रोज सकाळी दहाला आशाबाई कढईत तेल ओतायच्या, त्यात जिरं, ठेचलेला लसूण आणि लाल मिरच्या टाकायच्या, आणि चार घरं लांब माणसं शिंकायची. गीताबाईंच्या भिंतीवर चांगलं चालतं घड्याळ होतं, पण त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ढोकण्यांकडची शिंक आली की त्या कुकर लावायच्या. सोमवारी शिंक आली नाही. मंगळवारीही आली नाही. गीताबाईंच्या मालकांना दोन्ही दिवस एक वाजता जेवण मिळालं आणि ते त्यावरून बोलले.

इकडे किसनराव व्रत अगदी नेटाने पाळत होते. ते दाढीला ज्या सलूनमध्ये जात, ते कय्यूमभाईच्या हॉटेलच्या बरोबर समोर होतं. खुर्चीत बसलं की आरशात आपल्या चेहऱ्यामागे कय्यूमभाईची कढई दिसायची आणि तिच्यात भजी फुगताना दिसायची. पहिल्याच दिवशी अर्ध्या दाढीवर उठून पळण्याची वेळ आली असती, म्हणून त्यांनी दाढीच बंद केली. देवळात सप्ताह चालू होता आणि रोज संध्याकाळी शिऱ्याचा प्रसाद होता. प्रसादाला नाही म्हणणं किसनरावांना सात जन्मांत जमलं नसतं. म्हणून ते पायरीच चढायचे नाहीत. रस्त्यावर उभे राहून लांबूनच हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि मान खाली घालून घरी यायचे.

हे सगळं गीताबाई पाहत होत्या. ज्या घरात मयत होते, त्या घरात सुतक फिटेपर्यंत कढई चढत नाही, फोडणी पडत नाही, पुरुष दाढी करत नाहीत आणि देवळाची पायरी चढत नाहीत. शेजारीपाजारी भाकरी-पिठलं घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. येणारा मुकाट बसतो, चहा घेत नाही आणि निघताना 'येतो' म्हणत नाही. हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. भिंतीवरची उपडी कढई, किसनरावांचे दाढीचे खुंट आणि देवळाबाहेरचा तो नमस्कार एकत्र केल्यावर गीताबाईंना काही विचारायची गरज उरली नाही.

राहता राहिलं, गेलं कोण. तेही अवघड नव्हतं. किसनरावांचे सख्खे चुलते जानरावकाका संग्रामपूरला मुलाकडे होते. ब्याण्णव वर्षांचे होते आणि दिवाळीपासून अंथरुणावर होते. म्हणजे काका गेले, आणि रविवारी साक्षगंध म्हणून ढोकण्यांनी ते दाबून ठेवलं. गीताबाईंना आधी राग आला. मग छकुलीचा चेहरा आठवला आणि रागाची दया झाली. आपण कुणाला बोलायचं नाही, पण शेजारधर्म सोडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. यातली दुसरी गोष्ट त्यांनी पाळली.

बुधवारी दुपारी त्या झाकलेलं ताट घेऊन आल्या. बिनतेलाचं पिठलं आणि तीन भाकरी होत्या.

"अवं माय, तुमी काऊन तकलीफ घेतली?" आशाबाई म्हणाल्या.

"अशा टायमाले शेजाऱ्यानं नाही करावं तं कोनं करावं?"

किसनरावांचे डोळे भरून आले. तीन दिवसांत त्यांच्या दुधीबद्दल कुणी पहिल्यांदाच हळहळलं होतं. "गीताबाई, लई जड जाऊन राह्यलं," ते म्हणाले.

"जानारच. पन मन घट्ट करा लागते, भाऊ."

"डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं."

"मंग तं कोनाचाच इलाज नाही. आता तेरा दिवस रेटाचे."

"तेरा?" किसनरावांनी सुस्कारा सोडला. "पोरगी म्हनते, जनमभर हाय."

गीताबाईंनी पदर डोळ्याला लावला. एवढी माया चुलत्यावर आजकाल कोण करतं, असं त्यांना वाटलं. निघताना त्या 'येतो' म्हणाल्या नाहीत. ते आशाबाईंना जरा विचित्र वाटलं, पण ताट घासायचं होतं म्हणून त्या विसरल्या.

गुरुवारी सत्यभामाबाई आल्या. त्यांच्या मागून गल्लीतले पाचसहा जण आले. सगळे चटईवर बसले. कुणी बोललं नाही. कुणी चहा मागितला नाही. आशाबाईंनी विचारलं तर सगळ्यांनी एकदम हात हलवले. पंधरा मिनिटं बसून ते एकेक करून उठले आणि मुकाट निघून गेले. छकुली कामावर गेली होती, म्हणून हे तिने पाहिलं नाही. किसनराव मात्र भारावून गेले होते.

"पाह्यलं का," ते बायकोला म्हणाले, "माह्यासमोर चहाले शिवलं नाही कोनी. एवढं मोठं मन हाय गावाचं."

"पन काही बोलले काऊन नाही?" आशाबाईंनी विचारलं.

"बोलून काय होते? आधार असाच असते."

शुक्रवारी घोटाळा नांदुऱ्याला पोचला. रविवारच्या साक्षगंधाची पाच किलो जिलबी कय्यूमभाईकडे सांगितलेली होती. गावात चाललेलं त्याच्या कानावर आलंच होतं. तो मोठ्या दिलाचा माणूस. या दुःखात किसनभाऊला ऑर्डरचं काय विचारायचं, म्हणून तो गप्प राहिला. पण मैदा आणि बेसन तो दर शुक्रवारी नांदुऱ्याहून आणायचा, आणि आणायचा तो रुक्मिणीबाईंच्याच दुकानातून.

"या बारीले मैदा कमी द्या, बाई," तो म्हणाला. "रविवारचं आता होत नाही."

"काऊन होत नाही?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

आपण काय बोलून बसलो हे कय्यूमभाईच्या ध्यानात आलं, पण तोवर रुक्मिणीबाईंनी तराजू खाली ठेवला होता. खोटं बोलायला त्याला जमेना. त्याने खाली पाहत सांगून टाकलं.

दुपारी दोनला किसनरावांचा फोन वाजला. छकुलीने त्या दिवसापासून सुटी घेतली होती आणि ती शेजारीच बसून बापाची साखर मोजत होती.

"किसनराव," पलीकडून संथ आवाज आला, "तुमचे काका वारले. लई वाईट झालं."

"काका गेले? आमचे जानरावकाका? कवा?"

पलीकडे तराजूचं वजन आपटल्याचा आवाज आला.

"आता माह्यापुढं तरी हे नका करू," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "साऱ्या गावाले ठाव हाय. तुमी सुतक लपवून माह्या पोराचं साक्षगंध लावून राह्यले. उद्या सकाळी आमी बसाले येतो, ते रीत म्हनून. बाकीचं मंग पाहू." फोन बंद झाला.

किसनरावांनी हंबरडा फोडला. आशाबाई धावत आल्या आणि काय झालं ते कळल्यावर त्याही रडू लागल्या. काकांनी किसनरावांना खांद्यावर बसवून पोळा दाखवला होता. ते गेले, आणि सख्ख्या पुतण्याला नांदुऱ्याहून कळावं, याचं किसनरावांना जास्त लागलं. डोळे पुसत त्यांनी संग्रामपूरला चुलतभावाचा नंबर लावला.

"कोन बोलते?" पलीकडून एक खरखरीत आवाज आला.

"मी किसन. घरात कोन हाय?"

"मी हाये. बोल."

"काका?" किसनरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "तुमी?"

"मंग कोन पाह्यजे होता तुले?"

किसनराव रडत होते तसेच हसू लागले आणि हसता हसता पुन्हा रडू लागले. छकुली मात्र हसली नाही. तिने बापाच्या दाढीकडे पाहिलं, मग मागच्या दारातून भिंतीवरच्या कढईकडे पाहिलं.

"बाबा, तुमी देवळात जाऊन राह्यले ना या सप्त्यात?"

"बाहेरूनच हात जोडतो. आत शिरा असते."

छकुलीने कपाळाला हात लावला. आईबाबांनी कौतुकाने सांगितलेलं गीताबाईंचं ताट, चटईवरची मुकी माणसं आणि न घेतलेले चहा तिच्यापुढे ओळीने उभे राहिले. रुक्मिणीबाईंना तिने चार वेळा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. शेवटी ज्ञानेश्वरचा आला.

"आई ऐकूनच घेऊन नाही राह्यली," तो दबक्या आवाजात म्हणाला. "म्हनते, जे घर मयत लपवते ते उद्या काय काय लपवीन. मी सांगतलं, असं नसंल. तं म्हने, काका माह्या डोळ्यापुढं दाखव. नाही दिसले तं हे सोयरीक मोडली समज."

फोन ठेवून छकुली स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. ती रडताना आवाज करत नसे, आणि म्हणूनच किसनरावांना ते बघवेना. बापाचा जीव वाचवायला निघालेल्या पोरीचं लग्न त्यातच बुडत होतं, आणि उकडलेल्या दुधीखेरीज यात कुणाचाच गुन्हा नव्हता.

शनिवारी पहाटे दारात गाडीचा हॉर्न वाजला. रात्री किसनरावांच्या फोनवरून सगळं कळल्यावर कय्यूमभाई आपली जुनी व्हॅन घेऊन आला होता. "किसनभाऊ, माह्या तोंडून गेलं," तो म्हणाला. "बसा. काकाले घेऊन येऊ."

संग्रामपूरला जानरावकाका बाजेवर उशीला टेकून बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे मी मेलो," ते म्हणाले, "अन् सोनाळ्यातल्या पोरासोरायले ठाव हाय, अन् मलेच कोनी सांगतलं नाही?"

"चूक झाली, काका. आता चला. छकुलीच्या लग्नाचा सवाल हाय."

काकांनी सुनेकडे तिरपी नजर टाकली. "मले दिवाळीपासून मऊ भात देऊन राह्यले इथं. कढई चढवत असशीन तं येतो."

"चढवतो."

"भजे पाह्यजे. कांद्याचे."

ठरलं. आठ वाजता व्हॅन सोनाळ्याला पोचली, साडेआठला आशाबाईंनी सगळ्या गल्लीच्या देखत भिंतीवरची कढई उतरवली आणि नऊ वाजता तेल तापलं. भाजीलाही फोडणी पडली. सहा दिवसांनंतर गल्ली एकसाथ शिंकली. गीताबाई तरातरा भिंतीपाशी आल्या.

"आशाबाई! सुतकात कढई चढवली वं?" असं म्हणता म्हणता त्यांची नजर अंगणातल्या बाजेवर गेली. बाजेवर जानरावकाका बसले होते आणि भज्यावर फुंकर घालत होते. गीताबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

"काय वं गीते," काका म्हणाले, "मी गेलो म्हनून किती रडली तू?"

"बरीच रडली, काका," गीताबाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

दहाच्या सुमारास ज्ञानेश्वर आईला मोटारसायकलवर घेऊन आला. रुक्मिणीबाईंच्या हातात तीन पुडाचा डबा होता. त्या दारातच थबकल्या. फोडणीचा वास, तळणीचा धूर आणि बाजेवरचा तेलकट बोटांचा म्हातारा, सगळं त्यांनी नीट पाहून घेतलं.

"मीच तो," काका म्हणाले. "बसा, बाई. माह्याच साठी आल्या ना?"

रुक्मिणीबाई बसल्या. त्या हसल्या नाहीत. "काका हायेत, हे चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "मंग पाच-सहा दिवस या घरात फोडणी काऊन नव्हती?"

आशाबाईंनी नवऱ्याकडे पाहून 'सांगू नका' अशी हळूच मान हलवली. पोरीच्या बापाला आजार आहे, हे होणाऱ्या सासूला साक्षगंधाच्या आदल्या दिवशी सांगतात का? सोयरीक अशाही मोडतात. किसनरावांनाही ते कळत होतं. त्यांनी खुंट वाढलेल्या गालावरून हात फिरवला.

"बाई, लपवलं म्हनून तुमी रागावल्या," ते म्हणाले. "आता काहीच लपवत नाही. माही साखर वाढली. काळजाचं खरं नाही म्हनते डॉक्टर. पोरीनं तेल बंद केलं, कढई बाहेर ठेवली. सलूनात गेलो तं भजे दिसते, देवळात गेलो तं शिरा देते, म्हनून कोठीच गेलो नाही. बस, एवढंच हाय. आता तुमाले काय ठरवाचं ते ठरवा."

छकुलीने आतून रिपोर्ट आणून त्यांच्या हातात दिला. रुक्मिणीबाईंनी तो वाचला. वाचायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ काकांनीही चावणं थांबवलं.

"रगत तू तपासलं?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"अन् कढई तूच उचलली?"

"हाव," छकुली म्हणाली. "माह्याच्यानंच झालं हे सगळं."

रुक्मिणीबाईंनी डबा पुढे ओढला आणि उघडला. "हा कडू घास हाय," त्या म्हणाल्या. "आनलेला परत घरी नेत नाही. कोनी तरी खाल्लाच पाह्यजे."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी भज्याची ताटली आणखी जवळ ओढली. "मी नाही खात. मी जिता हाये."

किसनराव पुढे सरकले. त्यांनी भाकरी मोडली आणि पिठल्याला लावली. तेलाचा थेंब नव्हता, पण लसूण भाजून घातलेला होता, वरून कोथिंबीर होती आणि जवसाची चटणी अशी खमंग होती की त्यांनी न सांगता दुसरी भाकरी घेतली. सहा दिवसांत त्यांना पहिल्यांदा जेवल्यासारखं वाटलं.

"बाई, हे सुतकासाठी म्हनून केलं?"

"नाही," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आमच्याकडं पाच वर्षांपासून रोज असंच होते."

त्यांनी डब्याचं झाकण पदराने पुसलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडं फोडणी बंद झाली, तं लोकायले वाटलं मानूस गेलं. आमच्याकडं मानूस गेलं, तवा फोडणी बंद झाली. त्यायलेही डॉक्टरनं सांगतलं होतं. पन मले त्यायच्या ताटात कमी तेल वाढनं जमलं नाही. मले वाटे, मी माया करून राह्यली."

ज्ञानेश्वरने मान फिरवून रस्त्याकडे पाहिलं. भिंतीपलीकडे गीताबाई पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या.

रुक्मिणीबाई उठल्या, छकुलीपाशी गेल्या आणि तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. "उद्याचं उद्याच होईन," त्या म्हणाल्या. मग आशाबाईंकडे वळल्या. "ते कढई पुन्हा भिंतीवर ठेवजा."

निघताना दारातून त्या वळून म्हणाल्या, "येतो." तो शब्द ऐकून आशाबाईंच्या जिवात जीव आला.

साक्षगंध थाटात झालं. कय्यूमभाईने पाचाऐवजी सात किलो जिलबी आणली आणि वरच्या दोन किलोबद्दल बोलू दिलं नाही. किसनराव गुळगुळीत दाढी करून बसले होते. सलूनवाल्याने त्यांची खुर्ची आरशाकडून भिंतीकडे फिरवून दिली होती. जानरावकाका आपण जिवंत असल्याची गावाची पुरती खात्री पटावी म्हणून आठ दिवस राहिले, रोज भजी खाल्ली आणि मगच संग्रामपूरला परत गेले.

ते गेले त्या दिवशी कढई पुन्हा भिंतीवर चढली. पण दुसऱ्या दिवशी सव्वादहाला गीताबाईंचं डोकं भिंतीवरून वर आलं.

"आशाबाई, वास नाही आला. सगळे ठीक हायेत ना घरचे?"

तिसऱ्या दिवशी सत्यभामाबाईही चौकशीला आल्या. गीताबाईंचा कुकर लागेना आणि त्यांच्या मालकांचं जेवण पुन्हा एकवर गेलं. तेव्हा आशाबाईंनी मार्ग काढला. आता त्या रोज दहाला फोडणीच्या लहान पळीत चमचाभर तेल तापवतात, त्यात जिरं, लसूण आणि एक लाल मिरची टाकतात, चरचरली की पळी घेऊन परसात जातात आणि भिंतीवरून गीताबाईंच्या वरणात ओततात.

किसनराव तोपर्यंत जेवायला सुरुवात करत नाहीत. समोर कण्या असतात, वाटीत दुधी असतो, बाजूला नांदुऱ्याहून आलेली जवसाची चटणी असते. ते डोळे मिटून छातीभर श्वास घेतात. गल्ली शिंकते, आणि मग ते पहिला घास उचलतात.